संगणकांचे जाळे आणि सरकारची थैली

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि तो ऐकून त्यांच्यातले एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "अहो, आपल्या वाचनालयाचे अनुदान थकले आहे, आधी त्यावर बोला! परदेशातल्या प्राध्यापकांनी यंत्राला यंत्र जोडण्यासाठी सरकारकडून किती पैसे घेतले, हे ऐकून आम्ही काय करायचे?" प्रश्न थट्टेने विचारलेला होता, पण तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आज घरोघरी ज्याच्यावाचून अडते ते इंटरनेट कोणा व्यापाऱ्याच्या भांडवलातून जन्मले नाही. ते सरकारी पैशातून, म्हणजे कर भरणाऱ्यांच्या पैशातून जन्मले. तो पैसा कोणी मागितला, कोणी दिला, काय समजून दिला आणि शेवटी तो कोणाच्या पदरात पडला, हा हिशेब पाहण्याचा हक्क आपल्यासारख्या सामान्य नागरिकांना आहे. तोच हिशेब आज मांडावयाचा आहे.

आरंभी 'अनुदान' या शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. सरकार रस्ता बांधवून घेते तेव्हा निविदा काढते. खडी किती, डांबर किती, लांबी किती, सगळे आधी ठरलेले असते. मक्तेदाराने ते करून द्यावयाचे आणि पैसे न्यावयाचे. संशोधनाचे अनुदान या जातीचे नसते. तिथे मागणारा एवढेच सांगू शकतो की, मी अमुक गोष्टीचा शोध घेणार आहे. काय सापडेल हे त्यालाच ठाऊक नसते. ठाऊक असते तर त्याला संशोधन कशाला म्हणावयाचे? विहिरीला पाणी लागो अथवा न लागो, खणणाऱ्याची मजुरी द्यावीच लागते, तसा हा व्यवहार आहे. म्हणूनच देणाऱ्याची खरी पारख एका गोष्टीत होते: कोणाला कुठे खणू द्यावयाचे, आणि किती खोलपर्यंत थांबावयाचे.

आता गोष्ट अमेरिकेतली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिकेला हादरा बसला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९५८ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आर्पा नावाची एक लहानशी कचेरी काढली. या कचेरीची स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. मोजके अधिकारी, हाती पैसा, आणि काम एवढेच की देशातली हुशार माणसे हुडकून त्यांना तो द्यावयाचा. १९६२ च्या ऑक्टोबरात या कचेरीच्या संगणकविषयक शाखेवर लिकलायडर नावाचे गृहस्थ आले. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ. त्या काळी संगणक म्हणजे एका दालनाएवढे धूड. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा त्याच्या कारकुनाकडे द्यावयाचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी हेलपाटा घालावयाचा, अशी रीत होती. माणसाने यंत्रापुढे बसून त्याच्याशी सरळ व्यवहार केला पाहिजे, असा लिकलायडर यांचा आग्रह होता. त्यांनी एमआयटी, स्टॅनफर्ड, बर्कली अशा विद्यापीठांना पैसा दिला, आणि १९६३ साली आपल्या या मंडळींना एक टिपण धाडून या सर्व यंत्रांचे एकच जाळे असावे अशी कल्पना मांडली. त्या जाळ्याला त्यांनी विनोदाने तारकामंडळांच्या पलीकडे पोहोचणारे जाळे असे नाव दिले होते.

चार वर्षांनी त्यांच्या जागी रॉबर्ट टेलर आले. त्यांच्या कचेरीत तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांशी जोडलेली तीन टंकयंत्रे होती: एक एमआयटीचे, एक बर्कलीचे आणि एक सांता मोनिकाचे. प्रत्येकाची भाषा निराळी, उघडण्याची रीत निराळी. एका ठिकाणच्या माणसाशी बोलून झाले की दुसऱ्यासाठी उठून दुसऱ्या खुर्चीवर बसावयाचे. एका घरात तीन चुली मांडाव्यात तसला हा प्रकार टेलर यांना सहन होईना. १९६६ च्या आरंभी ते आपले वरिष्ठ चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडे गेले आणि हे सगळे एकत्र जोडण्याची योजना त्यांनी सांगितली. वीस मिनिटांत ते दहा लाख डॉलरांची मंजुरी घेऊन बाहेर पडले, असे टेलर पुढे सांगत. हा पैसा क्षेपणास्त्र-बचावाच्या कामातून वळवलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याआधीच्या भावाने ही रक्कम सुमारे अठ्ठेचाळीस लाख रुपये होते आणि नंतरच्या भावाने पंचाहत्तर लाख. आपल्याकडे शाळेची पत्र्याची शेड मंजूर होण्यास किती मिनिटे लागतात, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

जोडावयाचे म्हणजे काय करावयाचे, हेही समजून घेतले पाहिजे. जुना ट्रंक कॉल आठवा. आपण इकडून नागपूरला बोलू लागलो की इथून नागपूरपर्यंतची एक वाट आपल्यासाठी अडवली जाई. आपण बोलत असू की गप्प बसलेले असू, ती वाट दुसऱ्याला मिळत नसे. संगणकाचे बोलणे मात्र तुटक असते. क्षणभर बडबड आणि मग दीर्घ मौन. त्याच्यासाठी सबंध वाट अडवून ठेवणे म्हणजे पैशाचा धूर. यावर जो तोडगा निघाला तो आपल्या वऱ्हाडासारखा आहे. दोनशे माणसांचे वऱ्हाड एका गाडीत मावत नाही. मग ज्याला जी एस. टी. मिळेल ती त्याने पकडावी. कोणी साताऱ्यावरून यावे, कोणी बारामतीवरून. प्रत्येकाच्या खिशात कार्यालयाचा पत्ता आणि पंगतीतला क्रमांक असला म्हणजे झाले. मांडवात पोहोचल्यावर सगळ्यांनी क्रमवार बसावे; एखादा वाटेत चुकला तर त्याच्यासाठी पुन्हा निरोप धाडावा. मजकुराचे असे लहान लहान तुकडे करून पाठविण्याची ही युक्ती अमेरिकेत पॉल बॅरन यांना १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत सुचली, आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ साली स्वतंत्रपणे सुचली. तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनीच दिले.

इथे एका लोकप्रिय गैरसमजाचा निकाल लावून टाकू. अणुबाँब पडला तरी चालू राहावे म्हणून सैन्याने इंटरनेट बांधले, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. बॅरन यांचा अभ्यास अणुयुद्धाच्या भयातून झाला होता हे खरे. पण टेलर यांचे जाळे त्यासाठी नव्हते. महागडे संगणक थोडे होते आणि मागणारे फार; एकाचे यंत्र दुसऱ्याला दुरून वापरता यावे, म्हणजे प्रत्येकाला नवे घेऊन द्यावे लागू नये, हा साधा काटकसरीचा विचार त्यामागे होता.

गंमत अशी की ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांनाच ते नको होते! आपल्या यंत्रावर परक्याने येऊन बसावे ही कल्पना विद्यापीठातल्या विद्वानांना मानवेना. १९६७ च्या वसंतात मिशिगनमधल्या अॅन आर्बर गावी त्यांची बैठक झाली तेव्हा बहुतेकांनी कुरकुर केली. परंतु ही सगळी मंडळी आर्पाच्याच पैशावर संशोधन करीत होती. नवा संगणक हवा असेल तर आधी जाळ्यात या, असे त्यांना सुचविण्यात आले. मग विरोध हळूहळू मावळला. अनुदान देणाऱ्याच्या हातात असा एक मऊ चाबूक असतो. तो कशासाठी उगारला जातो, यावर सगळे अवलंबून आहे. इथे तो आपले ते सर्वांचे करा असे सांगण्यासाठी उगारला गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात टेनेसीतल्या गॅटलिनबर्ग येथे एक परिषद भरली. आर्पाचे लॅरी रॉबर्ट्स यांनी तिथे आपली योजना वाचली, आणि डेव्हिस यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडातले काम सांगितले. अमेरिकनांना बॅरन यांच्या कामाचे महत्त्वही तिथेच नीट उमगले. पुढे १९६८ साली सुमारे १४० कंपन्यांकडे विचारणा गेली. आयबीएमसारख्या बड्या पेढीने बोली लावण्याचेच नाकारले. काम मिळाले ते मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या, मूळ सभागृहांच्या ध्वनिव्यवस्थेवर सल्ला देणाऱ्या, लहानशा मंडळीला; रक्कम दहा लाख डॉलरांहून किंचित अधिक. त्यांनी प्रत्येक ठिकाणी ठेवावयाचे एक मध्यस्थ यंत्र तयार केले आणि आठ-नऊ महिन्यांत पहिले यंत्र लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोहोचवले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास तिथून सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा शब्द धाडण्यास सुरुवात झाली. 'एल' गेले, 'ओ' गेले, आणि तिकडचे यंत्र बंद पडले. तासाभराने दुरुस्ती होऊन सगळा शब्द गेला. डिसेंबरपर्यंत चार ठिकाणे जोडली गेली.

आणि मग जे घडले ते कोणत्याच अर्जात लिहिलेले नव्हते. १९७१ साली बीबीएनमधल्या रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला चिठ्ठी धाडण्याची सोय सहज म्हणून केली. दोन वर्षांत अशी पाहणी झाली की जाळ्यावरची तीन-चतुर्थांश वर्दळ या चिठ्ठ्यांचीच आहे. यंत्रांची काटकसर करण्यासाठी बांधलेला रस्ता माणसे एकमेकांना पत्रे धाडण्यासाठी वापरू लागली! 'याचा उपयोग काय?' या रकान्यात अर्जदाराने जे लिहिले असेल त्यावरच पैसे द्यावयाचे असते, तर ई-मेलसाठी एक पैही मिळाली नसती.

परंतु सरकारी पैसा म्हटला की सगळे असेच गोड घडते, असा समज आम्ही करून देऊ इच्छित नाही. डेव्हिस यांचेच पाहा. कल्पना त्यांची, नाव त्यांचे. त्यांनी सबंध ब्रिटनसाठी जाळ्याचा आराखडा मांडला होता. पण तारा आणि दूरध्वनी तिथल्या पोस्ट खात्याच्या हाती, आणि त्या खात्याला त्यात राम दिसला नाही. डेव्हिस यांना आपल्या टेडिंग्टनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आवारापुरते जाळे बांधून समाधान मानावे लागले.

फ्रान्सची हकीकत याहून चटका लावणारी आहे. १९७२ साली लुई पूझँ यांनी सरकारी पैशातून 'सिक्लाद' नावाचे जाळे उभारण्यास घेतले. त्यांचे म्हणणे असे की, मधल्या वाटेने फार शहाणपणा करू नये. तिने तुकडे जमतील तसे पोहोचवावेत, आणि चुकले-हरवले याची चिंता दोन्ही टोकांच्या संगणकांनी वाहावी. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या अमेरिकनांनी १९७४ साली निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याचा जो करारनामा प्रसिद्ध केला, त्यात पूझँ यांच्या या विचाराचा मोठा वाटा आहे. आजचे इंटरनेट त्याच पायावर उभे आहे. परंतु फ्रान्सच्या टपाल-तार खात्याला हे स्वतंत्र प्रकरण रुचले नाही. त्याने आपले वेगळे जाळे १९७८ साली सुरू केले. पूझँ यांच्या कामाचा पैसा आटत गेला आणि १९८१ साली ते बंद पडले. २०१३ साली इंग्लंडच्या राणीच्या नावाचे अभियांत्रिकीचे मोठे पारितोषिक ज्या पाच जणांना मिळाले त्यांत सर्फ आणि कान यांच्या मांडीला मांडी लावून पूझँही होते. मान मिळाला, पण विहीर पाण्याशी आली असता दोर कापला गेला, ते काही भरून निघाले नाही.

अमेरिकेतही वारे बदलले होते. १९६९ साली सिनेटर मॅन्सफील्ड यांच्या पुढाकाराने कायद्यात कलम आले की, संरक्षण खात्याने फक्त सैनिकी कामाशी थेट संबंध असलेल्या संशोधनालाच पैसा द्यावा. सैन्याच्या थैलीतून विद्यापीठांना मुक्तहस्ताने देण्याचे दिवस सरले. शिवाय एक अन्याय मुळातच होता. आर्पाचा पैसा ठरावीक विद्यापीठांत फिरे. ज्यांचा आर्पाशी संबंध नाही अशी शेकडो विद्यापीठे जाळ्याबाहेर राहिली, आणि आतले व बाहेरचे अशा दोन जाती पडू लागल्या. वीस मिनिटांच्या मंजुरीचे कौतुक करताना ही दुसरी बाजू विसरता कामा नये. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसांना झटपट देणे म्हणजे अनोळखी माणसाला दारातच ठेवणेही असते.

ही कोंडी विस्कॉन्सिनचे प्राध्यापक लॅरी लँडवेबर यांनी फोडली. १९७९ साली त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशन या, १९५० साली स्थापन झालेल्या नागरी संस्थेकडे अर्ज केला. या संस्थेची रीत निराळी: अर्ज त्याच विषयातल्या इतर जाणकारांकडे परीक्षणासाठी जातो, त्यांची मते येतात, मग निर्णय. पहिला अर्ज फेटाळला गेला. टीका ऐकून त्यांनी योजना बदलली, आणि १९८१ साली सुमारे पन्नास लाख डॉलर मंजूर झाले. अट अशी की काही वर्षांत जाळ्याने वर्गणीवर स्वतःच्या पायावर उभे राहावे. या 'सीएसनेट'ची एक गोष्ट आम्हांला फार आवडते. ज्याला पूर्ण जोडणी परवडेल त्याने ती घ्यावी; ज्याला परवडणार नाही त्याने साध्या दूरध्वनीवरून अधूनमधून जोडून आपली टपाल-पिशवी तेवढी उचलावी. कंपन्यांनी अधिक वर्गणी द्यावी, विद्यापीठांनी कमी. लहानशा गावातले महाविद्यालयही त्यामुळे पंगतीला बसू शकले. दरम्यान १ जानेवारी १९८३ रोजी आर्पाच्या जाळ्याने सर्फ-कान यांचा करारनामा सक्तीने लागू केला, आणि त्याची सोय असलेली प्रणाली बर्कली विद्यापीठाने, तीही आर्पाच्याच पैशातून तयार करून, विद्यापीठांना जवळजवळ फितीच्या खर्चात वाटली. ज्याला जनतेने पैसे दिले ते जनतेला उघडे असावे, या साध्या न्यायाचा परिणाम केवढा झाला हे वेगळे सांगण्याची जरूर नाही.

मग त्याच फाउंडेशनने देशभरची मोठी धमनी बांधावयास घेतली. १९८७ च्या नोव्हेंबरात मिशिगनमधल्या विद्यापीठांच्या 'मेरिट' या संघाला पाच वर्षांसाठी एक कोट चाळीस लाख डॉलर मिळाले. मिशिगन राज्याने पन्नास लाखांची भर घातली, आणि आयबीएम व एमसीआय यांनी यंत्रे व तारा सवलतीने दिल्या. सुरुवातीला या धमनीला काही शेकडा जाळी जोडलेली होती. शेवटी ती संख्या पन्नास हजारांवर गेली. नियम एकच कडक होता: ही वाट शिक्षण आणि संशोधनासाठी, व्यापारासाठी नव्हे.

आणि इथेच खरा पेच निर्माण झाला. व्यापाराला तर याच वाटेची भूक लागली होती. १९९० नंतर मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी काढलेल्या एका संस्थेला या धमनीवरून व्यापारी वर्दळ नेण्याची मुभा मिळाली, आणि इतर कंपन्यांनी ओरड केली की, जनतेच्या पैशाने बांधलेला रस्ता मोजक्यांना आंदण दिला. मार्च १९९२ मध्ये अमेरिकी लोकसभेत त्यावर सुनावणी झाली. पुढच्या वर्षी फाउंडेशनच्या अंतर्गत तपासनिसांनीही चौकशी केली. अखेर खाजगी जाळी पुरेशी उभी राहिली असे पाहून सरकारने आपली धमनी ३० एप्रिल १९९५ रोजी बंद केली. रस्ता बांधला, वाहता केला, आणि वेळ येताच बाजूला झाले. सरकारने कधी शिरावे याची चर्चा पुष्कळ होते. कधी निघावे हे कळणे त्याहून कठीण, आणि ते इथे साधले असे आमचे मत आहे. मात्र ज्यांनी यातून कुबेराची संपत्ती मिळविली त्यांनी मूळ थैलीत काय परत घातले, हा प्रश्न उरतोच. फाउंडेशननेच १९९४ पासून इतरांच्या साहाय्याने चालविलेल्या ग्रंथालयविषयक योजनेतून स्टॅनफर्डला पैसा गेला; त्याच कामातून १९९८ साली गूगल निघाले. अनुदान देणाऱ्याला भागभांडवलात हिस्सा मिळत नाही. त्याला मिळते ते करांतून, नोकऱ्यांतून, आणि तेही आडवळणाने. हा हिशेब कोणत्याही वहीत एका ओळीत उतरत नाही, हेच या धंद्याचे दुखणे आहे.

सरकार चुकीच्या घोड्यावरही पैसे लावते, हेही नमूद करू. १९८० च्या दशकात युरोपातली सरकारे आणि टपाल खाती 'ओएसआय' नावाच्या दुसऱ्या, फार भारदस्त अशा करारनाम्यामागे उभी होती. खुद्द अमेरिकन सरकारनेही ऑगस्ट १९९० पासून आपल्या खरेदीत त्याची सक्ती केली. कागदावर सर्वांगसुंदर, पण समित्यांत वर्षे गेली आणि तोवर साधे, चालते, फुकट मिळणारे दुसरे जाळे सर्वत्र पसरले. सक्ती हळूच मागे घ्यावी लागली.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. पैसा भारत सरकारचा आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा. सहभागी आठ: पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि दिल्लीतला स्वतः तो विभाग. पहिली पत्रे १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतच, एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये साध्या दूरध्वनीवरून गेली-आली. ज्या काळी घरी दूरध्वनी येण्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, त्या काळची ही गोष्ट आहे. १९८९ साली एनसीएसटीतून अमेरिकेशी दुवा जोडला गेला आणि भारत जगाच्या जाळ्यात आला. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचे नाव या कामात आदराने घेतले जाते. अर्नेटने शहाणपणा असा केला की ओएसआय आणि सर्फ-कान या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. १९९५ पर्यंत निकाल आपोआप लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सर्वसाधारण ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. तोवर जवळजवळ नऊ वर्षे आपल्या शिक्षणसंस्थांतली तरुण मुले हे काम हाताने शिकत होती. अर्नेटची खरी मिळकत कोणती, असे विचारले तर आम्ही तारा आणि यंत्रे दाखविणार नाही. ती केव्हाच भंगारात गेली. ही शिकलेली माणसे दाखवू.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जाळे विकत घेणे निराळे आणि जाळ्यावर संशोधन करणे निराळे. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी दहा वर्षांकरिता ५,९९० कोटी रुपये मंजूर केले, आणि त्यातून दीड हजारांहून अधिक संस्था वेगवान तारांनी जोडल्या गेल्या. उत्तम झाले. पण देशाच्या एकंदर उत्पन्नातून संशोधनावर होणारा आपला खर्च २०२०-२१ साली शेकडा ०.६४ होता. रस्ता रुंद झाला, त्यावरून जाणारी यंत्रे आणि करारनामे मात्र बहुतांशी दुसऱ्यांनी शोधलेले. आणि जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयाचा प्राध्यापक आजही बाहेरच्या जातीतच राहतो. त्याने अर्ज करावा, समितीपुढे जावे, मंजुरी मिळाली तर पहिला हप्ता येईपर्यंत वर्ष निम्मे सरावे, मार्चअखेर उरलेले पैसे का उरले म्हणून खुलासा द्यावा, आणि 'जीएफआर १२-अ' या नमुन्यात पैसे योग्य कामी लागल्याचे प्रमाणपत्र सह्याशिक्क्यांनिशी धाडावे. ते पोहोचेपर्यंत पुढचा हप्ता नाही आणि कामावर ठेवलेल्या मुलाला विद्यावेतन नाही. हिशेब मागूच नये असे आम्ही म्हणत नाही; पैसा जनतेचा आहे. पण पैशाचा हिशेब कडक आणि वेळेचा हिशेब मुळीच नाही, हे विपरीत आहे. वीस मिनिटे नकोत. वीस आठवडे तरी ठरवून द्यावेत.

अमेरिकेलाही आता हे सांगण्याची पाळी आली आहे. ज्या फाउंडेशनने ती धमनी बांधली, त्याच फाउंडेशनने २०२५ साली, सरकार बदलल्यावर, चालू असलेली हजाराहून अधिक अनुदाने मध्येच रद्द केली. पूझँ यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे मोल काय पडेल याचा अंदाज करता येईल.

हे सगळे आम्ही त्या वयोवृद्ध सभासदांना थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ती कमी वर्गणीवाल्यांनी दूरध्वनीवरून पिशवी उचलण्याची सोय होती, तसली काही आपल्या वाचनालयाला मिळेल का?" आम्ही म्हटले, अर्ज करून पाहू. अर्जाचा मसुदा त्यांनी त्याच संध्याकाळी लिहून आणला. वाचनालयाचे जुने अनुदान मात्र हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत आलेले नाही.